तात्पुरती ओळ

सकाळपासून तेच. पंप टेबलावर चालतो, चालतो आणि मधेच मरतो. पडदा काळा होतो, क्षणात उजळतो आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पंप पुन्हा औषध सोडू लागतो. रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब वेदनाशामक ढकलणारं हे यंत्र. त्याच्या पोटातला प्रोग्राम लिहिणं हे माझं काम, आणि परवा नव्या पंपांची पहिली खेप निघायची होती.

वैताग असा, की तपासणीसाठी बनवलेल्या प्रोग्राममध्ये हा बिघाड येतच नाही. फक्त बाहेर पाठवायच्या प्रोग्राममध्ये येतो. माझ्याआधी तिघांनी पाहिलं आणि तिघांनीही ‘माझ्या टेबलावर चालतंय’ असा शेरा मारून हात झटकले. त्या शेऱ्याची मला शिसारी आहे. पंप काय यांच्या टेबलांना लावायचाय?

"अगं, सेकंदभर बंद पडतो नि सुरू होतो. एवढं काय त्यात?" साहेब म्हणाले.

"सुरू झाल्यावर आधी किती औषध गेलं ते विसरतो, साहेब. सुरुवातीचा मोठा डोस पुन्हा देतो."

"बघ मग. पण खेप परवाच जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची." एवढं बोलून ते माझ्याच टेबलावर चहाचा उष्टा कप ठेवून गेले.

बिघाड दुपारी सापडला. पंपाच्या मेमरीत बत्तीस नोंदींपुरती जागा राखलेली आणि तेहतिसावी नोंद शेजाऱ्याच्या घरात घुसत होती. तपासणीच्या प्रोग्राममध्ये शेजारी मोकळं पटांगण, म्हणून कुणाला धक्का लागत नव्हता. बाहेरच्यात सगळं दाटीवाटीनं बसवलेलं, म्हणून शेजारी मरत होता. एक आकडा बदलला आणि पंप सुरळीत झाला.

पण मला वेगळंच छळत होतं. असा मेलेला पंप उठला की भोंगा वाजायला हवा. तो का वाजत नाही? शोधत गेले तर कोपऱ्यात एक ओळ दडलेली: पुन्हा सुरू झाल्यास भोंगा बंद, नोंद पुसा. वर शेरा: ‘तात्पुरतं. प्रदर्शन झाल्यावर काढणे.’

चाचणी करणाऱ्या ताईंना हाक मारली. "बघा ही घाण! पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून भोंग्याचं तोंड दाबलंय. कुठल्या नालायकाचं काम आहे हे?"

ताईंनी जुन्या नोंदी उघडल्या. मग हळूच म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वीची आहे. तुझीच आहे गं."

आठवलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पंप असाच मरत होता आणि कारण शोधायला वेळ नव्हता. ‘नंतर बघू’ म्हणाले होते मी. सकाळपासून तिघांच्या नावानं बोटं मोडत होते आणि मुसळ माझ्याच डोळ्यात. मी उठून हात धुतले, पुन्हा धुतले. स्वतःच्या बोटांचीच किळस येत होती.

"जुन्या पंपांतही हाच प्रोग्राम आहे?"

"सगळ्यांत," ताई म्हणाल्या.

त्यातला एक बाबांच्या पलंगाशेजारी आहे. मीच हट्टानं बसवलाय. फोन लावला.

"बाबा, पंपाचा पडदा मधेच काळा होतो का?"

"होतो की. रोज दुपारी एकदा. कधी दोनदा."

"मग सांगितलं का नाही मला?"

"भोंगा कुठे वाजतो? तूच म्हणाली होतीस, वाजला नाही तर काळजी करायची नाही." ते सावकाश, जड जिभेनं बोलत होते. "आणि हल्ली दुपारी झोप काय छान लागते! तुझी आई हलवून हलवून दमते. तुझ्या पंपाचे उपकार, बाळा."

"बाबा, आईला फोन द्या," मी म्हणाले. "आत्ता द्या. झोपू नका."