भट्टीतली कोयरी

कानडी मुलखात, मंडी मोहल्ल्यातल्या नरसिंहरावांच्या घराण्याने चार पिढ्या कापड रंगवले आणि छापले. पाचवीत ते काम संपले. तीस वर्षांत छापील लुगडे मागायला कुणी त्यांच्या दाराशी आले नव्हते. छपाईचे लाकडी ठसे एकेक करून वाळवीला आंदण गेले. उरला तो एकच, त्यांच्या वडिलांनी सागवानात कोरलेला: कोयरी, आणि कोयरीच्या पोटात पोपट. पहिल्याच दिवशी त्याच्या चोचीचा टवका उडाला होता, म्हणून त्या ठशातून उमटलेला प्रत्येक पोपट चोचीने अधू होता.

त्यांची मुलगी चैत्रा शहराबाहेर, हिनकलपलीकडच्या एका कंपनीत नोकरीला होती. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी घरून काम करता करता तिने त्या ठशाच्या नक्षीचे डिजिटल टोकन काढले आणि जगाच्या बाजारात ठेवले. सोबत आईचा फोटो लावला: गंगाबाई लग्नातले लाल लुगडे नेसलेल्या, पदरभर पोपट. महिन्याभरात परदेशातला एक संग्राहक उगवला.

“फोनात कुणीही बघू शकतो म्हणतेस,” नरसिंहरावांनी विचारले, “उतरवूनसुद्धा घेऊ शकतो. मग हा विकत घेतो ते काय? सुम्नेच, उगाच?”

“बघणं सगळ्यांचं, अप्पा. मालक तो एकटा. तशी नोंद राहते, कुणाला पुसता येत नाही. आठशे चित्रं आहेत त्याच्याकडे.”

“भिंतीवर लावतो?”

“कुठली भिंत? कंप्युटरातच असतात सगळी.”

“म्हणजे हा नवरा बायको नांदवत नाही,” गंगाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “नुसता लग्नाचा दाखला खिशात घालून हिंडतो.”

चैत्रा हसली. नरसिंहराव हसले नाहीत, कारण संग्राहकाची अट त्यांनी नुकतीच ऐकली होती. लाकडी ठसा शिल्लक आहे तोवर नक्षी पुन्हा छापता येईल. तेव्हा ठसा जाळावा आणि त्याचा व्हिडिओ पाठवावा.

“वेडा आहे. बेड, अप्पा, नको आपल्याला. मी नाही म्हणून कळवते.”

“थांब,” नरसिंहराव म्हणाले.

त्या माणसाला मुलीपेक्षा आपण अधिक ओळखतो, असे त्यांना वाटले. आणि तो समज अगदीच निराधार नव्हता. वडिलांच्या काळी एखादे बडे घराणे लग्नासाठी स्वतःची वेगळी नक्षी कोरून घेई. कापड छापून झाले की तो ठसा गिऱ्हाइकासमोर रंगाच्या भट्टीत घालायचा, असा घरचा शिरस्ता होता. त्या शेठलोकांनी नक्षीकडे धड पाहिलेलेही नसे. पण ठशाची राख होईपर्यंत ते भट्टीपासून हलत नसत. त्यांना वस्तू हवी होती असे म्हणणे चूक. ती दुसऱ्या कुणाकडे नसावी, एवढेच त्यांना हवे असे. पैशांची निकड घरात नव्हती. पण तीस वर्षे ज्याची कुणी विचारपूस केली नाही, ते कुणालातरी इतके हवे होते की त्याला त्यात वाटेकरी नको होता. हा मान नरसिंहरावांच्याने नाकारवला नाही.

परसात भट्टी पेटली. सागवान सावकाश जळले. चैत्राने तोंड फिरवून व्हिडिओ घेतला.

व्हिडिओ पोचताच टोकन संग्राहकाच्या नावावर झाले. आठवड्याने त्याचा निरोप आला: ठशाचे आभार; पण फोटोतल्या लुगड्यावर तीच नक्षी आहे, त्याचे काय?

“आता मात्र हद्द झाली,” चैत्रा म्हणाली. “नक्षी उतरवून लुगडं काळं करून देतो, कळव त्याला,” नरसिंहराव म्हणाले आणि गंगाबाईंकडे पाहत राहिले. गंगाबाईंनी ट्रंक उघडून लुगडे काढले.

“काळं करा, मी अडवत नाही. पण आधीचा रंग उतरवू नका. नुसतं वरून काळं चढवा. उन्हात धरलं की खालचा पोपट दिसेल, तेवढा मला पुरे. त्या दीडशहाण्याला व्हिडिओत काय कळतंय?”

“मला कळतंय ना.”

“बेचाळीस वर्षं नेसले मी हे, अहो. त्यानं नेसलंय का एकदा तरी?”

“शब्द दिलाय, गंगा. आपल्या घरात कधी खोटा रंग दिला नाही कुणाला.”

गंगाबाईंनी लुगडे त्यांच्या हातात ठेवले आणि त्या आत गेल्या. नरसिंहरावांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ते तीनदा काढले. लाल रंग हट्टी होता. पहिल्या खेपेस गुलाबी झाला, दुसऱ्या खेपेस पोपटांच्या नुसत्या कडा राहिल्या, तिसऱ्या खेपेस सूत विरले, पण कापड कोरे झाले. मग त्यांनी ते काळ्या रंगात बुडवले. इतके निर्दोष काम त्यांच्या हातून तरुणपणीही झाले नव्हते.

दुसरा व्हिडिओ गेला. उत्तर आले नाही. पुढे बाजार कोसळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एका शनिवारी चैत्राने ती नोंद उघडून पाहिली आणि वडिलांना खरे ते सांगितले. लुगडे रंगवायच्या चार दिवस आधीच संग्राहकाने ते टोकन इतर साठ टोकनांबरोबर एकगठ्ठा विकून टाकले होते. दुसरा व्हिडिओ दोनदा पाहिला गेला होता, आणि दोन्ही वेळा पाहणारी चैत्राच होती.

“आईला नको सांगूस,” नरसिंहराव म्हणाले, आणि जिना चढून गच्चीवर गेले. मागून चैत्राही आली.

गच्चीवर गंगाबाई काळे लुगडे दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरून उभ्या होत्या. एक वीत पाहून झाली की ती खाली सोडायची, पुढची वीत उचलायची. विरलेल्या जागी कापड टरकत होते. त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

चैत्राला ते बघवेना. तिने फोन पुढे केला. “आई, पोपट इथं आहे की. हे बघ, तुटकी चोचसुद्धा आहे.”

गंगाबाईंनी वाकून पाहिले. “कुणाचा आता हा?”

“आता... नाव नाही दिसत. नुसती अक्षरं नि आकडे आहेत.”

गंगाबाईंनी मान हलवली आणि पदराचे टोक उन्हाकडे धरले. मग, लुगडे हातात ठेवल्या दिवसापासून पहिल्यांदाच, त्या नवऱ्याशी बोलल्या.

“कुठंतरी एखादा राहिला असेल ना हो?”

खोटे बोलायला याहून योग्य वेळ नरसिंहरावांच्या आयुष्यात आली नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “एकही नाही.”