तीन थॉमस रीस

तव्यावरचे बेदाण्याचे केक करपायला आले होते आणि नेस्ता हातातला छापील कागद चौथ्यांदा वाचत होती. रविवारी ब्रिनतेगच्या चॅपलसमोर नव्या दगडाचं अनावरण होतं. दीडशे वर्षांपूर्वी खाणीत वायू पेटला, त्यात गेलेल्यांची नावं त्यावर कोरलेली. कागद म्हणत होता, एकोणसाठ.

"एकसष्ट," नेस्ता तव्याला म्हणाली.

मग तिनं बोट ठेवत यादी वाचली. थॉमस रीस एकदाच होता.

गॅस बंद करून ती एप्रनसकट स्मारक समितीच्या कचेरीत गेली. सचिव व्हॉन प्राइस याच दरीतला, पण पोरवयात शहरात गेला तो निवृत्त होऊनच परतलेला.

"व्हॉनसाहेब, दोन माणसं कुठं गेली?"

"अच्छा, ते! एकच नाव तीनदा टाइप झालं होतं, नेस्ताबाई. मी दोन काढून टाकली." त्याचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता.

"आणि वरचा आकडा?"

"तोही जुळवून घेतला."

"म्हणजे बेरीज चुकू नये म्हणून माणसं मारलीत. दुसऱ्यांदा! अहो, या दरीत खडा भिरकावला तरी एखाद्या थॉमस रीसलाच लागेल. डावखुरा थॉमस, कोंबड्यांचा थॉमस, घोरणारा थॉमस. डावखुरा माझा पणजा."

"असली नावं दगडावर शोभत नाहीत हो. आणि कोरून झालंय आता. पुढंमागं एखादी छोटी पाटी लावू."

पाटी! नेस्ताचे कान तापले. डावखुऱ्याला थडगं नव्हतं. आग विझावी, कोळसा वाचावा म्हणून मालकांनी खाणीचं तोंड बुजवलं, तेव्हा तो आतच होता. वर्षातून एकदा चॅपलमध्ये नावं वाचायची, ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं माणूस उभं राहायचं. तेवढंच त्याचं उरलेलं.

ती इदवलकडे गेली. तो कोंबड्यांच्या थॉमसचा पणतू. तो शांतपणे पाइप भरत होता.

"तुझा गाळला असेल, नेस्ता. दगडावरचा आमचा आहे."

"कशावरून?"

"आमचा जास्त प्रसिद्ध होता."

"कोंबड्यांमध्ये!"

घोरणाऱ्या थॉमसच्या घरची मॉरविथ तर दारातूनच म्हणाली, "आमचाच गं तो. मी फुलंसुद्धा सांगून ठेवलीत." नेस्ताला व्हॉनपेक्षा या दोघांचा राग जास्त आला. एका नावावर तिघांना झुंजवलं की दोन मेलेले आपोआप गप्प होतात, हे त्यांना कळू नये?

रविवारी चॅपल भरलं. व्हॉननं घसा साफ करून वाचायला घेतलं. एकेक घर उभं राहू लागलं.

"थॉमस रीस."

तिघंही उठली. मॉरविथच्या हातात फुलं, इदवलच्या छातीवर आजोबांचं पदक. तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू एकाच खुर्चीवर तिघं बसायला आलीत.

व्हॉन पुढचं नाव वाचणार, तोच नेस्ता म्हणाली, "कुठला थॉमस?"

"नेस्ताबाई, ही वेळ आहे का?"

"मला नका सांगू. या इदवलला सांगा, त्याचा आहे का तो."

इदवलनं मान ताठ केली. "कोंबड्यांचाच ना, साहेब?"

व्हॉन कागद चाळत राहिला. "असं करू, सगळ्यांचाच समजा."

इदवलचा चेहरा हळूहळू लाल झाला. "समजा? माझा पणजा काय समजायचा माणूस आहे? कोंबड्यांना दाणे टाकून कामावर गेला होता तो! सकाळी! समजून नाही गेला!"

"आणि आमचा त्या दिवशी सुट्टीवर होता," मॉरविथ म्हणाली. "दुसऱ्याच्या बदली उतरला. आम्ही नाही बसणार."

"वाचा," नेस्ता म्हणाली. "एकेकाला वेगळं."

मागच्या बाकांवरून पाय आपटायचा आवाज सुरू झाला. व्हॉनच्या कपाळावर घाम आला.

"थॉमस रीस, डावखुरा," तो अखेर म्हणाला. "थॉमस रीस, कोंबड्यांचा. थॉमस रीस..." तो अडला.

"घोरणारा," सगळं चॅपल ओरडलं.

सगळी नावं संपली, लोक बसले. नेस्ता तशीच उभी राहिली. बाहेरचा दगड अजून एकोणसाठच म्हणत होता.