जुन्या इंजिनाची नवी धास्ती

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे, पण माझ्या पोटातलं सगळं नवं आहे. पिस्टन नवे, रिंगा नव्या, टर्बो नवा. म्हाताऱ्याच्या तोंडात दुधाचे दात यावेत, तसं माझं झालं आहे. तुम्हाला वाटेल, असं इंजिन किती खुशीत असेल. मी मात्र भेदरून गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा भेदरलेलाच आहे.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत झाला. काळ्या वाळूच्या साच्यात लालभडक लोखंडाचा रस ओतला, तो निवला, थिजला आणि मी झालो. पुढे मला तासलं, घासलं, माझ्या अंगातल्या नळकांड्यांत पिस्टन बसवले, त्यांच्याभोवती लोखंडी रिंगा चढवल्या आणि एका डिझेल गाडीच्या बॉनेटखाली ठेवलं. कुशीला एक टर्बो जोडला. टर्बो म्हणजे माझ्याच तापलेल्या उच्छ्वासावर गरगरणारं एक लहानसं चक्र. मी जो धूर सोडतो त्याच्या झोतानं ते फिरतं, बाहेरची हवा दाबून माझ्या छातीत भरतं आणि माझं बळ वाढवतं. घाट चढताना ते चक्र निखाऱ्यासारखं तापतं. तेलाची धार त्याच्या आसावर वाहत असते, म्हणून ते तगतं. धार तुटली, की ते मेलंच म्हणायचं.

कोडोलीचे उदयसिंह माझे मालक. घरी म्हशी, दुधाचा धंदा. दर आठवड्याला ते तूप आणि खवा घेऊन कोकणात उतरायचे आणि रिकामी गाडी घेऊन घाट चढून गगनबावड्याला यायचे. काय ते दिवस! धुकं असं, की समोरचं वळण हातानं चाचपावं. पाऊस असा, की काचेवर नदी. मी चढण चढताना हुंकार भरायचो आणि मालक स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "पैलवान हाय आमचा." ती थाप मला थेट काळजात लागायची.

त्या मायेतच माझा घात होता, हे कुणाला कळणार? घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेला देवीचं एक लहानसं देऊळ आहे. चढून आलं, की मालक तिथं थांबत. चप्पल काढायच्या आधी किल्ली फिरवून मला बंद करत. "देवीच्या दारात इंजिन धडधडत ठेवायचं न्हाय," असं त्यांच्या वडिलांचं सांगणं होतं. वडिलांचं सांगणं जुन्या जीपच्या काळातलं होतं. तिला टर्बो नव्हता. मला होता. मी तापून लाल झालेला असायचो आणि त्याच क्षणी तेलाची धार बंद व्हायची. चक्राच्या आसावरचं तेल जागच्या जागी जळून कोळसा व्हायचं. मालक हात जोडून उभे असायचे आणि मी बॉनेटखाली मुकाट्यानं करपत असायचो.

असं कितीदा झालं कुणास ठाऊक. मग एका दाट धुक्याच्या दिवशी, घाटाच्या मधोमध, ते चक्र अडकलं. त्याचे तुकडे माझ्या छातीत शिरले. पांढऱ्या धुराचा लोट उठला, पिस्टननं माझ्या नळकांड्याची भिंत ओरबाडली आणि मी थांबलो. मला दोर बांधून ओढत आणलं. ओढलं जाणारं इंजिन काही बोलत नाही, मित्रांनो. त्याला चाकांचाच आवाज ऐकू येतो.

मला पुन्हा शिरोलीलाच आणलं. जिथं जन्मलो, त्याच्याच शेजारच्या गल्लीत जयपालअण्णांचा कारखाना आहे. मोडलेली इंजिनं उघडून पुन्हा बांधायची, हे त्यांचं काम. त्यांनी मला भाग भाग करून मोकळं केलं, डिझेलनं धुतलं, ओरबाडलेली भिंत घासून गुळगुळीत केली आणि हळू हातानं सगळं पुन्हा जुळवलं. पण कारखान्याच्या कुंपणापलीकडे भंगाराचा ढीग होता. माझ्यासारखी किती तरी इंजिनं तिथं कुशीवर पडलेली होती. मधूनच एखादं उचललं जायचं आणि भट्टीकडे जायचं. भट्टीत त्याचं नाव, गाव, गाडी काही उरत नाही. मी डोळे मिटायला पाहायचो. इंजिनाला डोळे नसतात, म्हणून ते मिटताही येत नाहीत.

मला न्यायला मालक आले, त्यांच्याबरोबर त्यांचा मेव्हणा राजवीरही आला. मालकिणीचा, म्हणजे पूर्णिमावहिनींचा हा धाकटा भाऊ. त्याची कोरी गाडी दारात उभी होती. जयपालअण्णा हात पुसत म्हणाले, "उदयदादा, नीट ऐका. भिंत घासून घासून शेवटच्या मापाला आलीया. आता घासायला लोखंड उरलं न्हाय. परत अडकलं, तर ह्येला मी उठवू शकणार न्हाय. नव्या रिंगा अजून भिंतीला बसायच्या हायत. तवर जोर लावायचा न्हाय. आणि घाट चढून आला, की लगीच किल्ली फिरवायची न्हाय. जरा वेळ हळू चालू ठेवायचं."

"पर अण्णा, देवीच्या दारात?"

"जरा लांब उभं ऱ्हावा की. देवी रागवत न्हाय. लोखंड रागवतंय."

मालक हसले. राजवीरनं माझ्या बॉनेटवर कोपर टेकलं. "दाजी, आता तरी घाट चढंल का? का दोर डिकीतच ठेवू?"

"तू तुझी गाडी सांभाळ लका."

"माझी तर दरवेळी वर चढून चहा पीत बसतीया. तुमच्या गाडीला म्हशीची संगत लागली. चालबी तीच."

मालकांचे कान लाल झाले. कोल्हापूरची ईर्षा तुम्हाला माहीत आहे ना, मित्रांनो? भाकरी नसली तर चालेल, पण हार नको. मालक म्हणाले, "भाऊबीजेला सगळीच घाटात जाऊ. वर कोण आधी पोचतंय बघू की."

तेवढ्यात जयपालअण्णांचा पुतण्या पारस पुढं आला. हसरा, चुणचुणीत माणूस. गाडीला लॅपटॉप जोडून इंजिनाचं ट्यूनिंग करायचं, म्हणजे जास्त इंधन आणि जास्त हवा घ्यायला इंजिनाला हुकूम सोडायचा, हा त्याचा उद्योग. तो म्हणाला, "दादा, घाट चढायचा असंल तर मी ट्यून करून देतो. राजवीरची गाडी आरशात दिसंल."

"पारस, रिंगा बसल्या न्हाईत अजून," अण्णा म्हणाले.

"काका, मी थोडंच वाढवतो. पर दादा, खरं सांगतो, एवढ्या नव्या कामावर केलं तर जबाबदारी तुमची. माझी न्हाय."

माझ्या अंगातलं ताजं तेल गार पडलं. ज्या छातीला अजून स्वतःचा श्वास ओळखीचा नाही, तिच्यात दुप्पट वारा भरायचा? मी मालकांकडे कान लावला. ते कधी राजवीरकडे बघत होते, कधी अण्णांकडे. शेवटी म्हणाले, "वसुबारसेला येतो. करून टाकू."

तिथून पुढचा प्रत्येक दिवस मी भीत काढला. रस्त्यानं जाताना कुठं खुट्ट झालं, तरी वाटायचं, आलं ते. एकदा मनात आलं, खोटंच खोकावं, धूर सोडावा, म्हणजे मालक थांबतील. पण खोटं खोकलो आणि त्यांनी मला नापास ठरवून भट्टीकडे दिलं, तर? म्हणून मी निमूट चाललो. इतका निमूट, की मालक म्हणाले, "बघा, तयार हाय की ह्यो." भीतीनं गप्प बसलेल्याला लोक तयार समजतात, मित्रांनो.

वसुबारस उजाडली. गोठ्यात मैना नावाची म्हैस रेडकाला चाटत उभी होती. दरवर्षी पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. म्हशीचा धनी मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागं धावते. मैनेसारखी धावणारी म्हैस पंचक्रोशीत नव्हती. यंदा मात्र ती नुकतीच व्याली होती. पूर्णिमावहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत धारेला बसल्या होत्या आणि हलकेच गुणगुणत होत्या,

*"नव्या बाळंतिणीला गं, नको दळणा बोलावू,*
*तिच्या अंगाची गं ऊब, नको वाऱ्याला दाखवू..."*

गल्लीतले आकारामतात्या अंगणात आले. मिरवणुकीची सगळी जुळणी त्यांच्याकडे. "उदया, मैना पायजे पाडव्याला. तिच्याबिगर मिरवणूक म्हंजे हळदीबिगर लगीन."

"व्यालीया ती, तात्या. अंग भरलं न्हाय."

"बघ की कशी तुकतुकीत दिसतीया. घोड्यागत पळंल."

"पळंल की. म्हणून तर पळवायची न्हाय," मालक म्हणाले. "जनावर न्हाय म्हणत न्हाय. मी हाक मारली, की ती मरूस्तवर पळंल. मग मीच न्हाय म्हणाय नको?"

"भितोस व्हय? समदं गाव हसंल."

"भितोय की. हसू दे गावाला."

तात्या पुटपुटत गेले. मी मालकांचा प्रत्येक शब्द ऐकला होता. मला वाटलं, आता ते माझ्याकडेही बघतील. त्यांनी बघितलं, आणि खिशातून किल्ली काढली.

वहिनी दुधाची बादली घेऊन उठल्या. "कुठं निघाला?"

"शिरोलीला. पारसकडं."

"म्हंजे त्येला पळवायला?" त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"ते लोखंड हाय पूर्णिमा. म्हैस न्हाय."

"असंल. पर त्येबी न्हाय म्हणत न्हाय." त्या बादली सांभाळत चुलीकडे वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "राजवीर माझाच भाऊ हाय. त्यो हसला तर ओवाळताना कान पिळीन त्येचा. तुम्ही त्येच्या हसण्यापायी ह्येचा जीव नका घेऊ."

मालकांनी दार उघडलं. गाडीत बसले, किल्ली फिरवली. मी सुरू झालो. नाही म्हणता येत नाही ना. कोडोली मागं पडली, उसाचे फड मागं पडले. शिरोलीचा रस्ता मला पाठ होता आणि त्याचं प्रत्येक वळण मला भट्टीच्या दिशेनं नेत होतं. पिस्टन वरखाली होत होते आणि प्रत्येक फेरीला मला वाटत होतं, ही शेवटची शांत फेरी. पुढं एका वडाखाली मालकांनी गाडी कडेला घेतली. मला बंद केलं नाही. चालूच ठेवलं आणि फोन लावला.

"पारस, आज येत न्हाय."

पलीकडून काही तरी विचारलं गेलं असावं.

"न्हाय, रागबिग काय न्हाय. रिंगा बसू देत. मग अण्णाला इचारू, करायचं का न्हाय ते. तू चांगलाच हायस रे. पर इंजिन आत्ताच उठलंय."

मी काय करू शकत होतो? मी जरा हलकं वाजलो, एवढंच. मालकांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

भाऊबीजेला ओवाळणं झालं आणि सगळे निघाले. आधी कोकणात उतरलो, मग चढण सुरू झाली. राजवीर मागून आला, भोंगा वाजवत. त्याची गाडी वळणावर आमच्या बरोबरीला आली. खिडकीतून त्यानं हात हलवला. आणि मित्रांनो, मालकांचा पाय दाबला गेला. मला कळलं. टर्बो फिरू लागला, छातीत वारा भरू लागला, कोवळ्या रिंगा भिंतीला कचकचून दाबल्या गेल्या. माझ्या मनात एकच होतं, संपलं. शेजारच्या सीटवर वहिनी बाहेरच्या धुक्याकडे बघत होत्या. आणि मालकांचा पाय सैल झाला. आपणहून सैल झाला. राजवीर पुढं निघून गेला, त्याचा भोंगा धुक्यात विरला, आणि मी माझ्या चालीनं, घाम न गाळता, वळणामागून वळण चढत राहिलो.

वर पोचलो तेव्हा राजवीर भज्यांच्या गाड्यापाशी बसला होता. "आला का दाजी? आम्ही दुसरा चहा सांगितला."

मला हळू चालू ठेवूनच मालक खाली उतरले. माझ्या बॉनेटवर थाप मारून हसत म्हणाले, "सांग की तिसरा. आमच्यात बाळंतीण हाय, तिला सावकाशच आणायची."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मला ट्यून करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. एखाद्या दिवशी करतीलही, आणि ती भीती माझ्या पोटात आहेच. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की माझी भीती माझ्या एकट्याची नाही. ती वाटून घेणारं कुणीतरी आहे.

मित्रांनो, नुकतंच बरं झालेलं माणूस असो, व्यालेली म्हैस असो, की माझ्यासारखं पुन्हा बांधलेलं इंजिन. ते वरून तुकतुकीत दिसतं. तुम्ही हाक मारली, की ते धावेल. नाही म्हणायची त्याला सवय नसते. म्हणून त्याच्या वतीनं तुम्ही नाही म्हणायला शिका. लोक हसले तर हसू द्या.