तीन व्होल्टची मोटर

समोरच्यावर विश्वास ठेवायची सवय दिनानाथला नव्हती, आणि त्यात सगळा दोष त्याचाच होता असंही नाही. अंधेरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्याने बाहेरून येणारा माल तपासला होता. खोक्यावर लिहिलेलं आणि खोक्यात असलेलं एकच असतं, असं मानणारा त्या खात्यात चार दिवससुद्धा टिकला नसता. कारखाना बंद पडला, दिनानाथ वसईच्या फ्लॅटवर घरी बसला, पण तपासणी काही थांबली नाही. त्याची बायको सुमेधा म्हणायची, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा हुंगून बघाल एखाद दिवस."

पापडीचा निकोलस एवढा एकच माणूस असा, की ज्याला तपासावं असं दिनानाथला वीस वर्षांत वाटलं नव्हतं. निकोलस सुतार. चर्चच्या वेदीवर द्राक्षवेल कोरावी तर त्यानेच. पण दोन वर्षांपासून संधिवाताने त्याची बोटं आखडली होती, पटाशी हातातून निसटायची. म्हणून २००७ च्या त्या हिवाळ्यात दोघांनी कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन घरच्या घरी बनवायला घेतलं. लाकडी सांगाडा निकोलसचा, विजेचं सगळं दिनानाथचं. चर्चच्या सणाला तीन आठवडे उरले होते. वेदीची पुढची फळी करायची होती, आणि फादर मायेनेच म्हणाले होते, "नाही जमलं तर बाहेरून करून आणू, निकोलस." ते त्याला फार लागलं होतं. ही फळी बाहेर गेली तर पुढची सगळीच बाहेर जाणार, हे त्याला कळत होतं.

आणि अशा वेळी निकोलस एकटाच जाऊन मोटरी घेऊन आला. वसई पूर्वेला जितेश नावाचा पोरगेलासा दुकानदार असला माल ठेवायचा. त्याच्याकडून ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटरी, त्यांना चालवणारी तीन सर्किटं, म्हणजे ड्रायव्हर, आणि छत्तीस व्होल्टचा पॉवर सप्लाय. दिनानाथने चष्मा कपाळावर चढवून मोटरीवरची पट्टी वाचली. तीन व्होल्ट.

"तीन व्होल्टच्या मोटरीला छत्तीस व्होल्ट?"

"जितेश बोलला तसंच लावायचं. आणि मशीन चालू असताना मोटरीची वायर काढायची नाही, हेही बोलला."

"का? काढली तर काय दिसणार आहे आम्हाला?"

निकोलस हसला. दिनानाथ हसला नाही. पट्टी नवी होती आणि मोटरीच्या दांड्यावर ओरखडा होता. म्हणजे जुनाट माल, वर नवं लेबल. छत्तीस व्होल्ट दिले की मोटरी जळणार, मग पुन्हा जितेशकडेच जायचं. एवढं त्याला लगेच उमगलं. पण निकोलस एकटाच का गेला? विजेचं काम दिनानाथचं, मग खरेदीला त्यालाच वगळायचं? मशीन उभं राहिलं की हे दोघे मिळून आपल्याला नारळ देणार की काय? कुठेतरी पाणी मुरत होतं खास. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने निकोलसकडे तपासनिसाच्या नजरेने पाहिलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण नजर काही हटली नाही.

छत्तीसचा सप्लाय त्याने गुपचूप बाजूला ठेवला आणि जुन्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा बसवला. मशीन हळू असेतो चाललं. जरा वेग दिला की मोटर कण्हायची, अडखळायची, आणि पुढचं सगळं कोरीवकाम बोटभर सरकायचं. सरावाच्या तीन फळ्या वाया गेल्या. द्राक्षाचं पान देठावर न बसता बाजूलाच उगवायचं.

"माल डुप्लिकेट," दिनानाथ प्रत्येक फळीनंतर म्हणायचा. "तुला गोड बोलून गुंडाळलंय त्या पोराने."

पहिल्यांदा निकोलसने जितेशची बाजू घेतली. दुसऱ्यांदा तो नुसता फळीकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा म्हणाला, "असेल. तुला कळतं त्यातलं."

सणाला पाच दिवस उरले तेव्हा दिनानाथ कोणाला न सांगता जितेशच्या दुकानात जाऊन उभा राहिला. चांगला खरपूस समाचार घ्यायचा बेत होता. जितेशने वाद घातलाच नाही. तसलीच मोटर टेबलावर घेतली, छत्तीस व्होल्ट दिले आणि फिरवून दाखवली. गरगर फिरली.

"काका, व्होल्ट नाही, अँपिअर बघायचे. ड्रायव्हर तीन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. व्होल्ट कमी दिले तर वेगात जोर राहत नाही तिला. गरम होईल, पण ते चालतं."

"आणि ओरखडा?"

"तो निकोलस अंकलचा. प्रत्येक दांडा पकडीत धरून फिरवून बघत होते. बोटांनी धरवत नाही ना त्यांना. म्हणत होते, माझा मित्र सगळं तपासणार, त्याला नाव ठेवायला जागा नको." मग जितेश जरा घुटमळून म्हणाला, "तुम्हाला का आणलं नाही विचारलं, तर बोलले, तो आला तर भांडेल आणि तू माल देणार नाहीस. जपून वापरा मात्र. ड्रायव्हर आता एकही शिल्लक नाही. पुढचे पंधरा दिवसांनी येतील."

दिनानाथचं तोंड एवढंएवढंसं झालं. पण झालेलं निकोलसला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने छत्तीसचा सप्लाय जोडला आणि म्हणाला, "घरी जरा विचार केला. माल तसा ठीक आहे."

"काल तर डुप्लिकेट होता," निकोलस म्हणाला.

त्या दुपारी मशीन चाललं ते थेट वेदीच्या खऱ्या फळीवर. वेल वळली, पानं देठावर बसली, द्राक्षांचा पहिला घोस उमटला. निकोलसचे डोळे भरून आले आणि तो इझाबेलला, बायकोला, बोलवायला घरात धावला.

दिनानाथने मोटरीला हात लावला. चांगलीच तापली होती. गरम होईल, पण ते चालतं. हे आधीच सांगून ठेवलं होतं जितेशने. का बरं? तीन अँपिअरच जातात हे कोणी पाहिलंय? मीटर हाताशी होता. मशीन थांबवलं तर निकोलस विचारेल. नुसती एक वायर दोन सेकंद काढायची, मीटर मध्ये घालायचा, बस. सव्वीस वर्षांच्या हाताने ती वायर काढली. चट् असा आवाज झाला, ड्रायव्हरमधून जळका वास आला आणि आडवी सरकणारी बाजू जागच्या जागी थांबली.

निकोलस आणि इझाबेल दारात उभे होते. "काय झालं?"

माल खराब होता. हे वाक्य दिनानाथच्या जिभेवर तयार होतं, आणि निकोलसने ते मानलंही असतं. पण त्याची ती आखडलेली बोटं दाराच्या चौकटीवर टेकली होती. दिनानाथला ते बोलवलं नाही.

"चालू मशीनची वायर मी काढली. माल चांगला होता रे. चूक माझी."

निकोलस मशीनपाशी आला. अर्ध्या घोसावर थांबलेली फळी तो बघत होता.

"तू मालाला चांगला म्हणतोस?" त्याने विचारलं. "काल शेजारच्या इनेझने तुला जितेशच्या दुकानातून निघताना बघितलं. मला बोलला नाहीस. आल्यावर एकदम माल ठीक झाला. आता जळाला, तरी माल चांगलाच. काय ठरलंय तुमचं दोघांचं?"

"अहो, काय बोलताय?" इझाबेल म्हणाली.

"शपथेवर सांगतो, निकोलस." दिनानाथने घाईघाईने मीटर पुढे केला. "हे बघ, तूच बघ तपासून."

निकोलसने मीटर घेतला नाही.

"मला त्यातलं काय कळतं?" तो म्हणाला. "मी तर आजवर तुझ्या शब्दावर चाललो."