थर्कल साहेबांची ठेंगणी दारं

इंग्लंडातल्या सरी परगण्यात एकोणीस वर्षं मी अ‍ॅम्ब्रोज थर्कल साहेबांच्या हाताखाली इमारतींचे नकाशे काढले. साहेब पाच फूट एक इंच. दाराची उंची ठरवायची झाली की स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "डोक्यावर चार बोटं सोड. पुरे." फळ्या आणि खिडक्याही त्यांच्याच मापाच्या.

१९०८ साली आम्ही मेजर पेल्यूंचं घर बांधलं. मेजर सहा फूट तीन इंच. राहायला आले त्याच दिवशी दिवाणखाना, जेवणघर, न्हाणीघर अशा क्रमानं त्यांचं कपाळ आपटलं. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून कचेरीत हजर.

"थर्कल, हे घर आहे की सशाचं बीळ?"

"मेजर, वर ओकची तुळई आहे. ती उचलली तर सगळी शोभा जाईल."

"आणि माझी शोभा?"

"आपण जरासं वाकलात तर..."

"वाकू? मी आफ्रिकेतल्या लढाईत बोअरांच्या गोळ्यांपुढे वाकलो नाही!"

"गोळ्या चुकतात हो," साहेब शांतपणे म्हणाले. "तुळई चुकत नाही."

शेवटी जमीनच सव्वा फूट खणायची ठरली. सोमवारी बेनेट गवंडी कुदळ घेऊन गेला, मी मापं घ्यायला. दारात मेजरची बायको विनिफ्रेड उभी. उंची जेमतेम पाच फूट.

"परत जा, बेनेट."

"विनी, तू मध्ये पडू नकोस!" मेजर आतून ओरडले.

"आर्थर, बावीस वर्षं तुझ्या लष्करी बंगल्यांत मी स्टुलावर चढून साखर काढली. इथे पहिल्यांदा फळीला हात पुरतो. खिडकीतून बाग दिसते. आणि माझ्या खोलीत येताना तू मान झुकवतोस, तेही काही वाईट दिसत नाही."

बेनेट एकदम कुदळीची धार न्याहाळू लागला. मेजर तणतणत बाहेर निघाले, आणि दारात ठण्ण!

जमीन राहिली तशीच. मेजर घरात शिरस्त्राण घालून वावरू लागले. बाईंनी मैत्रिणींना चहाला बोलावून फळ्या दाखवल्या. वर्षभरात आमच्याकडे सात घरांची कामं आली, सगळी पत्रं बायकी अक्षरात. एकीनं लिहिलं होतं, "यजमान सहा फूट आहेत. त्याची काळजी करू नये."

पत्रं मीच वाचायचो; साहेबांना नुसतं काम सांगायचो. पुढे लंडनला त्यांना व्याख्यानाला बोलावलं. ओकच्या तुळयांनी आपलं नाव कसं झालं, यावर ते तासभर रंगून बोलले. मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या.