काटेबाबांचं बाळसं

मंडपात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. मधोमध वजनकाटा, काट्यावर एक मूल आणि शेजारी काटेबाबा. मागच्या खेपेपेक्षा काटा पुढे गेला की गर्दी हात जोडायची. "डॉक्टर औषध देतो, आम्ही वजन देतो," असं बाबा बजावायचे. रीत सोपी होती. दूध, अंडी, डाळ बंद. नुसता भात आणि वर दिवसभर बाबांचं मंतरलेलं पाणी. एखादं मूल दगावलंच, तर आईबापांची श्रद्धा कमी पडलेली असायची.

आमची ताई लेकीला घेऊन याच रांगेत उभी राहायची. पोरीचा नुसता हाडांचा सापळा झाला होता, आता गाल वर आले होते. मी घरातला शहाणा मामा. काट्यातच काहीतरी गडबड असणार, म्हणून साखरेचं एक किलोचं सीलबंद पाकीट नेऊन बाबांच्या देखत काट्यावर ठेवलं. काटा चोख निघाला. बाबांनी मला आशीर्वाद दिला, गर्दी खो खो हसली आणि मी साखर घेऊन घरी आलो.

पण पोरगी हसेना, खेळेना. केस तांबूस पडले, कातडी सोलायला लागली. ताई म्हणायची, बाळसं धरतंय, सुस्ती यायचीच. शेवटी लसीचं निमित्त सांगून मी दोघींना आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या नर्सनेही वजन बघून ताईला शाबासकी दिली. डॉक्टरीणबाईंनी मात्र काट्याकडे न बघता पोरीची पावलं हातात घेतली. दोन्हींवर अंगठे दाबून धरले आणि उचलले. खड्डे पडले होते, ते भरेचनात.

"हे बाळसं नाही, सूज आहे," त्या म्हणाल्या. "पोषण मिळालं नाही की अंगात पाणी साठतं."

ताईच्या पिशवीतल्या बाटलीतलं मंतरलेलं पाणी त्यांनी मला चाखायला लावलं. खारट होतं.

"मिठाने सूज आणखी वाढते. ताई, तुमचं मूल उपाशी आहे. असंच चाललं तर हाती लागायचं नाही."

पोरीला तिथेच ठेवलं. थोडं थोडं दूध, मग अंडं, डाळ. जोडीला जीवनसत्त्वांची औषधं. आणि वजन उतरायला लागलं. बाबांची माणसं खिडकीशी येऊन सांगू लागली, डॉक्टरांनी पोरगी वाळवली. ताईचा धीर सुटला. तिने सामान बांधायला घेतलं, मग थांबली आणि स्वतःच लेकीच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. पोरीने पाय ओढून घेतला आणि खायला मागितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ताई ढसाढसा रडली, मीही रडलो.

पोरगी घरी आल्यावर ताई मंडपात गेली. रांगेत एक बाई गुबगुबीत मूल कडेवर घेऊन मोठ्या कौतुकाने उभी होती.

"बाई, माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस," ताई म्हणाली. "याचं पाऊल दाबून बघ."

बाईने दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. मग तिने आरोग्य केंद्राचा रस्ता विचारला.

काटा खरं तेच सांगत होता. तो काय मोजतोय, एवढंच आम्ही कुणी विचारलं नव्हतं. तेवढं विचारत जा.