ब्लँक

लोधिवलीच्या अक्षदाला नोकरी बदलायची होती की नव्हती, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती लग्नाआधीपासून होती. पगार वेळेवर, बस नाक्यापर्यंत, साहेब शांत स्वभावाचे. तरी संध्याकाळी घरी आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाई, जयवंताबाई, एकदोनदा काही विचारायच्या आणि मग टीव्हीशी बोलायला लागायच्या. नवरा, मनोज, म्हणाला होता की पर्मनंट नोकरी सोडायची तर निदान कारण तरी सांग. तेच तर सापडत नव्हतं. थकवा कामाचा होता की मुळात तिचाच? तिचाच असला, तर नव्या नोकरीतही तो डब्याबरोबर येणारच होता.

असा प्रश्न प्रयोगशाळेत पडला असता, तर तिने आधी ब्लँक घेतला असता. तीच भांडी, तीच रसायनं, तीच कृती. फक्त तपासायचा नमुना घालायचा नाही. तरीही जो आकडा येतो तो रसायनांचा स्वतःचा. तो वजा केला की उरतो तो नमुन्याचा.

तिने बुधवारची रजा टाकली. रोजच्या वेळेला उठली, डबा भरला, पर्स खांद्याला लावली.

"कामाला नाय जायचं ना? मग डबा कुणाला गं?" जयवंताबाईंनी विचारलं.

"सगळं रोजच्यासारखं करायचं, आई. फक्त काम करायचं नाही. मग संध्याकाळी कशी असते मी, ते बघायचं."

जयवंताबाईंनी जरा विचार केला. "म्हंजे मांडव घालायचा, वाजंत्री बोलवायची, नि नवरी तेवढी आणायची नाय."

"तसंच."

रसायनीच्या बसऐवजी तिने कर्जतची एसटी धरली. उल्हास नदीच्या काठाशी बसून दिवस काढायचा, असा बेत होता. पण दुपार व्हायच्या आतच डबा संपला, आणि खडकाशी साचलेला फेस साबणाचा की कुजक्या पाल्याचा, हे ओळखायला ती दोनदा खाली वाकली. हे तर कामच झालं, म्हणून ती उठली आणि बाजारातल्या हर्षलाकडे गेली. हर्षला तिची जुनी सहकारी; आता पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत होती. आज ब्लँक घेतेय स्वतःचा, नुसती बसते गं, असं सांगून अक्षदाने खुर्ची ओढली.

तेवढ्यात डोंगराखालच्या वाडीवरून ठमी नावाची बाई पाण्याची बाटली घेऊन आली. विहिरीचं पाणी कडू लागतं म्हणाली. हर्षला नाव लिहून घेत होती, तोवर अक्षदाने झाकण काढून वास घेतला. करंजाचं तेल. बाटली आधी तेलाचीच होती, हे ठमीने लगेच कबूल केलं; पण राखेनं घासून धुतलीय, असंही वर सांगितलं. आता कडूपणा विहिरीचा, तेलाचा की राखेचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. हर्षलाने स्वच्छ बाटली दिली आणि शुक्रवारी यायला सांगितलं. अक्षदाचे प्रश्न मात्र संपेनात. उकळल्यावरही कडूच का? मडकं नवं आहे का? विहिरीवर झाड कसलं? शेजारच्या विहिरीचं काय?

ठमीने सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "तूच येतेस का चाखायला?"

ती गेल्यावर हर्षला हसली. "ब्लँक बिघडवलास की. नमुना पडला यात."

पडला होता खरा. परतीच्या एसटीत अक्षदा तोच विचार करत राहिली: क्षार निघतील, पाला निघेल, की मडकंच? कारखान्यात बाटल्या यायच्या त्या नंबर चिकटवून. आकडा जुळला की बाटली रिकामी. ती कुणाची, पुढे काय झालं, हे विचारायला मागून कुणी येत नसे. निकाल काय येईल याचं कुतूहल शेवटचं कधी वाटलं होतं, ते तिला आठवेना.

जेवताना तिने तेल, राख, मडकं सगळं सांगितलं. भात गार झाला तरी ती बोलतच होती.

"मांडवात नवरी आणलीस वाटतं," जयवंताबाई म्हणाल्या.

अक्षदा थांबली. टीव्ही बंद होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"मग, मिळालं कारण?" मनोजने विचारलं.

"सोडायची कधी, ते अजून नाही सांगता येत. पण शोधायला लागते. जिथे बाटलीमागे माणूस येतं, तिथेच विचारायचं."

हात धुऊन तिने हर्षलाला फोन लावला. तिथे एखादी जागा आहे का, हे विचारायचं होतं. पण तोंडून आधी निघालं, "शुक्रवारी ठमी किती वाजता येणार गं?"